चिपांवरचा रुमाल

ही गोष्ट मी सात-आठ वर्षं टाळत आलो. आमच्या जुन्या वर्कशॉपमधलं कुणी भेटलं आणि इब्राहिमचा विषय निघाला, की मी चहा सांगायला उठायचो. चहा येईपर्यंत विषय बदललेला असायचा. या युक्तीने बरीच वर्षं निघाली. आता इब्राहिम नाही. गेल्या रमजानच्या आधी तो त्याच्या गावी वारला, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी. बातमी देणाऱ्याने फोनवर सांगितलं, "अपना इब्राहिमचाचा गया. वो कॅसिनोवाला."

वो कॅसिनोवाला. तीस वर्षं काच कापली त्या माणसाने, आणि मागे उरलं ते हे.

म्हणून लिहितो. माझी मुलगी मेघना म्हणाली, "बाबा, आता कशाला? लिहायचंच तर स्वतःचं नाव तरी घालू नका. तुम्ही माझ्या व्हिसावर आहात."

मी म्हटलं, "नाव घालणार. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. माझं काय रद्द करायचं ते करू देत."

तर लिहून ठेवतो. इब्राहिम सोलकर आयुष्यात एक डावसुद्धा खेळला नाही. ज्या फोटोमुळे त्याचं नाव खराब झालं, त्या फोटोमागे काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते मी केलं.

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमची ॲल्युमिनियमच्या दारंखिडक्यांची कंपनी होती. मी सेल्समध्ये आणि इब्राहिम काचेच्या सेक्शनचा फोरमन. उंच, किंचित पुढे झुकलेला, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुने व्रण. आपल्या गाववाल्यांशी तो त्यांच्या कोकणीत बोले, माझ्याशी शाळेतलं मराठी, रत्नागिरीच्या हेलात. मी त्याला इब्राहिम म्हणायचो, तो मला रेगे. बाकी अख्ख्या वर्कशॉपचा तो चाचा, अगदी पेशावरच्या क्रेन ड्रायव्हरचासुद्धा, जो त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान असेल.

काच कापताना तो श्वास धरायचा. पट्टी ठेवायची, कटर टेकवायचा, आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. नव्या माणसाला तो एकच गोष्ट शिकवायचा: "रेघ एकदाच मारायची. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवला की काच ऐकत नाही. मग ती तिला हवी तिथे फुटते." बोलण्याचंही त्याचं तसंच होतं. एखादी गोष्ट एकदा सांगायचा. ऐकली तर ऐकली.

पण त्याची खरी ओळख वेगळी होती. तो लोकांच्या जागा धरायचा.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इथे आमच्यासारख्यांचं निम्मं आयुष्य रांगेत जातं. व्हिसाची मेडिकल, सरकारी अर्ज भरून घ्यायचं टायपिंग सेंटर, पासपोर्टचं नूतनीकरण, गुरुवारी न्हाव्याकडे, महिनाअखेरीला पैसे पाठवायच्या खिडकीसमोर. इब्राहिम कुठल्याही रांगेत आधी जाऊन उभा राहायचा आणि मागाहून येणाऱ्या दोघा-तिघांसाठी जागा धरायचा. त्याच्याकडे निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे मोठे रुमाल होते, गावाहून आणलेले. बाकावर एक रुमाल, खुर्चीवर एक रुमाल. स्वतः मात्र बहुतेक वेळा उभाच.

एकदा मेडिकल सेंटरमध्ये माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवरून एका पंजाबी गृहस्थाशी त्याची जुंपली. मी दारातून आत येतच होतो.

"भाईसाब, ये रुमाल हटाओ. इधर कोई नहीं है."

"है. आदमी है इधर."

"किधर है आदमी? मेरे को तो रुमाल दिख रहा है."

"आ रहा है. तब तक मैं है ना."

सगळी रांग हसली. तो गृहस्थही हसला आणि उभा राहिला. मी ओशाळून खुर्चीत बसलो. इब्राहिमने रुमाल उचलून खिशात घातला आणि मला म्हणाला, "उशीर का रे मेल्या? मी माझी अब्रू घालवतोय इथे तुझ्यासाठी." तेव्हा ते गमतीत म्हटलेलं होतं.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "लोकांच्या जागा धरतोस, पण स्वतःच्या जागेवर कधी रुमाल टाकत नाहीस?"

"स्वतःच्या जागेवर कशाला? तिथे मी असतोच की. रुमाल म्हणजे ही जागा दुसऱ्याची, एवढंच. कुणी विचारलं की सांगायचं, येतोय माणूस, मी आहे तोवर."

आता त्याची स्वतःची जागा कुठली ते सांगतो. वर्कशॉपच्या मागे एक पोर्टाकॅबिन होती, पत्र्याची तयार खोली, तीत आमची माणसं दुपारची आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज पढत. रत्नागिरीची, रायगडची, पेशावरची, चितगावची, अशी चाळीसेक. या सगळ्यांच्या पुढे नमाज पढवायला इब्राहिम उभा राहायचा. दहा वर्षं. कुणी नेमलेला नव्हता. आधीचा म्हातारा गावी गेला तेव्हा चारी गावच्या माणसांचं एकाच नावावर एकमत झालं, हे इंडस्ट्रियल एरियात सहसा होत नाही. या गोष्टीबद्दल तो कधी बोलायचा नाही. पण नमाजाआधी तो काचेची धूळ धुवायला जितका वेळ घ्यायचा, त्यावरून कळायचं.

वीकेंड अजून शुक्रवार-शनिवार असायचा तेव्हाची गोष्ट. आम्हाला काच पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने रास अल खैमाला, समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये आपल्या गिऱ्हाइकांना दोन दिवस बोलावलं. शुक्रवारी सकाळी नव्या काचेचं प्रात्यक्षिक, आणि दुपारनंतर, कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, कॅसिनो. खरा नव्हे, इथे तेव्हा तशी परवानगीच नव्हती. टेबलं खरी, पत्ते खरे, चिपा प्लास्टिकच्या, पैसे नाहीत. ज्याच्याकडे शेवटी जास्त चिपा त्याला टीव्ही.

प्रत्येकाने सोबत एक माणूस आणायचा होता. मी इब्राहिमला म्हटलं, "चल. उन्हात न तापणारी काच दाखवणार आहेत." कॅसिनोबद्दल बोललो नाही. तो आला ते काच बघायला.

रिसॉर्टमध्ये त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर खोलीच्या मोठ्या खिडकीवर नखाने टकटक केली. "दहा मिलिमीटर. आपली नाही." मग पडदा ओढून फ्रेमचे कोपरे तपासले आणि म्हणाला, "सिलिकॉन भरणारा घाईत होता." पलंगावर उशांचा ढीग होता, तो त्याने खुर्चीवर नीट रचून ठेवला आणि एक उशी घेतली.

शुक्रवारी सकाळी मी नाश्त्याहून आलो तर हा पोहण्याच्या तलावाकाठी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, दोन आरामखुर्च्यांच्या मधोमध उभा. दोन्ही खुर्च्यांवर चौकड्यांचे रुमाल. मी विचारलं, "हे काय?"

"ते जोडपं नाश्त्याला गेलंय. रशियन आहेत. बाईने खुणेने विचारलं, इथे बघशील का? मी हो म्हटलं."

"अरे, त्यांनी टॉवेल ठेवला असता तरी चाललं असतं."

"टॉवेल काय उत्तर देणार, कुणी विचारलं तर?"

एक तास उभा होता तो उन्हात. ते जोडपं आलं, बाईने हात जोडून हिंदी सिनेमातला नमस्ते केला, आणि हा इतका लाजला की रुमाल घ्यायला विसरला आणि मग ते आणायला परत गेला.

दुपारी चारला मोठ्या हॉलमध्ये कॅसिनो सुरू झाला. बाहेर लख्ख ऊन, आत खिडकीच नाही, सगळे दिवे पिवळे. इब्राहिम खोलीवर होता. मी पत्त्यांच्या टेबलावर बसलो होतो, आणि आता ते सांगतो जे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी आणि आणखी तिघं व्यापारी, आम्ही गुपचूप ठरवलं होतं की काळी चिप शंभर दिऱ्हॅमची. शंभर दिऱ्हॅम, म्हणजे साधारण दोन हजार रुपये, असं मी मनातल्या मनात प्रत्येक चिपेमागे म्हणत होतो. यजमानांना पत्ता नाही. त्यांच्या खोट्या कॅसिनोत आम्ही खरा जुगार खेळत होतो. हा इथे गुन्हा आहे. सापडलो असतो तर तुरुंग, मग विमानतळ.

आणि मी जिंकत होतो. असा जिंकलो नव्हतो कधी. माझ्यासमोर काळ्या चिपांच्या चार चळती उभ्या होत्या.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. बायकोचा. तिला मी सांगितलं होतं की साइटवर आहे. त्या टेबलाचा नियम होता, खुर्ची रिकामी राहिली तर तीन डावांनंतर चिपा परत जमा. बसलेल्याने डाव सोडला तर चालतो, पण खुर्चीत माणूस हवा. मी वळून पाहिलं तर दारात इब्राहिम. असरची नमाज पढून मला शोधायला आला होता, केस अजून ओले.

मी म्हटलं, "इब्राहिम, पाच मिनिटं जागा धर."

त्याने टेबलाकडे पाहिलं. चिपांकडे, पत्त्यांकडे, पत्ते वाटणाऱ्या फिलिपिनो मुलीकडे. "हे काय आहे रेगे?"

"खोटं आहे रे. टीव्ही मिळतो. बस ना, बायकोचा फोन आहे."

"मी हात लावणार नाही कशाला."

"नको लावूस. नुसता बस."

तो बसला. मी सांगेन तिथे तो बसला असता, हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं.

फोन पाच मिनिटांतच झाला. पण मी परत गेलो नाही. समुद्राकडच्या गच्चीवर जाऊन थंड पेय मागवलं, सिगरेट ओढली. चाळीस मिनिटं मी तिथे उभा होतो, आपल्या नशिबावर खूश होऊन. इब्राहिम आहे तिकडे, मग काय घाई.

त्या चाळीस मिनिटांत यजमानांचा फोटोग्राफर फिरत फिरत तिथे गेला. फोटोत इब्राहिम मधोमध. समोर चार काळ्या चळती. शेजारी ती मुलगी कशाला तरी हसते आहे. इब्राहिमचे हात दिसत नाहीत, ते टेबलाखाली गुडघ्यांवर आहेत. आणि चिपांवर, नीट पाहिलं तर, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं एक टोक आहे. त्याने चिपांवर रुमाल टाकला होता.

मी परत आलो, त्याने रुमाल उचलला आणि बाहेर गेला. पुढच्या तासाभरात मी त्या चारही चळती हरलो.

रविवारी कामावर येईपर्यंत फोटो वर्कशॉपच्या सगळ्या फोनांवर पोचला होता. गावाकडच्या ग्रुपवरही. त्याच्या मुलाचा गावाहून फोन आला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. इब्राहिम एवढंच म्हणाला, "फोटोत माझे हात दिसतायत का? बघ नीट. दिसले की फोन कर."

दुपारी मी डिलिव्हरीचे कागद घेऊन मागच्या बाजूला गेलो होतो. पोर्टाकॅबिनचं दार उघडं होतं. इब्राहिम पुढे जाऊन उभा राहिला. मागे कुणी रांग धरली नाही. सगळे भिंतीशी उभे.

क्रेन ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, बुरा मत मानना. पहले फोटो का बताओ."

"मैंने नहीं खेला."

"फिर वो टोकन किसके थे?"

इब्राहिमने दाराकडे पाहिलं. मी दारात होतो. आमच्या दोघांमध्ये फार तर वीस पावलं. मी बोललो असतो तर एवढंच वाक्य होतं: मेरे थे. मी कागदांकडे पाहिलं. काचांचे आकडे वाचले, बारा खिडक्या, चार दारं, पुन्हा बारा खिडक्या.

"मैंने नहीं खेला" हे इब्राहिमने पुन्हा सांगितलं नाही. त्याने ते एकदाच सांगितलं होतं. तो सगळ्यांच्या मधून चालत मागे आला आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला, चपलांच्या कपाटाजवळ उभा राहिला. "चलो, वक्त हो रहा है. किसी को तो आगे आना है," असं म्हणाला, आणि कुणीतरी पुढे गेलं.

संध्याकाळी मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "इब्राहिम, मी सांगतो रे सगळ्यांना. फक्त दोन महिने थांब. मेघनाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. माझा व्हिसा गेला तर ती कुठे जाणार?"

"मी काही मागितलं तुझ्याकडे?"

"तसं नाही, पण तू त्यांना समजावून तरी..."

"मी का समजावू?" तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "दहा वर्षं हे माझ्या पाठीमागे उभे राहिले. माझा रुमाल यांनी बघितला नाही? यातल्या अर्ध्यांच्या जागा मी त्याच रुमालाने धरल्यात. फोटोत दिसतोय तो, ठळक. तरी विचारतात, किसके थे. मग नको यांनी माझ्या मागे उभं राहायला. मी कुठे जात नाही. मी रोज येणार. रोज बघतील मला." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझं नाव मी घेणार नाही. तुला घ्यायचं तेव्हा तू घे."

आणि तो रोज आला. दुसऱ्या कुठल्या मशिदीत जाऊ शकला असता, दोन गल्ल्या सोडून होती. गेला नाही. चार वर्षं त्याच पोर्टाकॅबिनमध्ये, त्याच टोकाला, ताठ. जे त्याच्याशी बोलायचे बंद झाले त्यांना हा आधी सलाम करायचा, मोठ्याने, म्हणजे उत्तर द्यावंच लागे. एकदा जेवताना मला म्हणाला, "पुढे उभं राहिलं की मागचं काही दिसत नाही रे. आता सगळ्यांचे फाटके मोजे दिसतात. एकाचे तर दोन्ही अंगठे बाहेर." तो हसला. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याची मला आजही किळस येते.

रांगेत जागा धरणं मात्र त्याने सोडलं नाही. फरक इतकाच पडला की फार कमी लोक सांगू लागले. मी सांगायचो. हो, मी त्यानंतरही त्याला माझ्या जागा धरायला लावल्या. तोही धरायचा.

दोन महिन्यांचे चार महिने झाले, मग वर्ष. मेघना पास झाली, तिला नोकरी लागली, तिचं लग्न झालं. भिण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी बोललो नाही. सुरुवातीला मी व्हिसाला भीत होतो, नंतर नुसता लोकांच्या नजरेला भ्यायलो. आधीच का नाही सांगितलंत, असं विचारतील, याला. ज्या नजरेखाली इब्राहिम चार वर्षं ताठ उभा राहिला, ती मला एक दिवस सोसवली नसती.

मग तो कायमचा गावी निघाला. जायच्या दिवशी सकाळी मी फोन केला. "इब्राहिम, तू आत जाण्याआधी मला एक सांगायचंय. विमानतळावर येतो."

"ये की. मी आहे तोवर."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये तेव्हा मी राहायचो. तिथून शारजाच्या विमानतळापर्यंत गाडीत मी एकच वाक्य घोकत होतो. पोचलो आणि काचेच्या दारातून आत पाहिलं. वर्कशॉपमधले पाच-सहा जण त्याला सोडायला आले होते, त्यात तो क्रेन ड्रायव्हर. म्हणजे शेवटी आलेच होते. ते कठड्याशी उभे होते. मला वाटलं, उत्तम. त्यांच्यासमोरच सांगता येईल. आणि नेमका तोच विचार येऊन माझे पाय थांबले.

इब्राहिम काउंटरच्या रांगेत होता. ट्रॉलीवर दोरीने बांधलेला खोका आणि दोन बॅगा. त्याच्यामागे एक कुटुंब आलं, त्याने त्यांना हाताने पुढे काढलं. मग दोन तरुण आले, त्यांनाही. मला ऐकू येत नव्हतं, पण मानेची ती हालचाल मी शंभर वेळा पाहिली होती: जाओ, जाओ, मेरा आदमी आ रहा है. रांगेतले सगळे पुढे गेले. तो एकटा उरला. ट्रॉलीच्या दांडीवर चौकड्यांचा रुमाल टाकलेला. काउंटरवरची मुलगी त्याला बोलावत होती. तो दाराकडे पाहत होता.

मी खांबाआड होतो.

ती मुलगी उभी राहिली, घड्याळ दाखवू लागली. तेव्हा इब्राहिमने रुमाल उचलला, त्याच्या चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि ट्रॉली ढकलत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. हे लिहिलेलं मी त्याच ग्रुपांवर पाठवणार आहे ज्यांवर तो फोटो फिरला. क्रेन ड्रायव्हरला कुणी वाचून दाखवा. इब्राहिमच्या मुलाला सांगा, हात गुडघ्यांवरच होते. ज्याला मला काही विचारायचं असेल त्याने यावं, मी आता चहा सांगायला उठणार नाही.

आणि ते वाक्य, जे मी पंचेचाळीस मिनिटं गाडीत घोकलं, आणि जे सांगायला मला फार तर तीस पावलं चालायची होती, ते असं होतं: इब्राहिम, मला माफ कर, ती जागा माझी होती.